चार पितळी बिजागऱ्या

प्रिय सूनबाई,

आधी निकाल सांगते, मग बाकीचं पुराण. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. विमान अपघाताच्या चौकशीचा अहवाल आज सकाळी बाहेर आला आणि त्यात ते स्वच्छ लिहिलंय. आता हे वाक्य पुन्हा एकदा वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढे ये. मीसुद्धा ऐकल्यावर आधी पाणीच प्यायले, उभ्या उभ्या, नळाखाली ग्लास धरून, निम्मं अंगावर सांडत.

तू इथून माहेरी निघालीस तेव्हा दारात थांबून मला म्हणाली होतीस, "जे निघेल ते तुम्हीच लिहून कळवा, आई. बाकीचे गोड करून सांगतील. तुम्हाला ते जमत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ह्याचा विचार मी इतके महिने करतेय. पण शब्द दिला तो दिला. तुझा फोन बंद, टीव्ही बंद, वर्तमानपत्र आलं की विहीणबाई ते परस्पर शेजारी देऊन टाकतात म्हणे. तेव्हा तुला काहीच कळलेलं नाही असं धरून सगळं पहिल्यापासून सांगते.

आग लागली होती उजव्या इंजिनाला. तुमच्यासमोर दिवा लागला तो डाव्याचा. तू वाचून सांगितलंस, कॅप्टननी स्वतः बघून खात्री केली, ते इंजिन बंद करायला सांगितलं, तू बंद केलंस. दोघांनी नियमाप्रमाणे केलं आणि दोघांना तो दिवा खोटं सांगत होता. त्याआधी विमानाची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा आतल्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. दोन्ही टोकं दिसायला सारखीच. तपासणाऱ्यानेही दिवे लागतात ना एवढंच बघितलं, कुठला कशाला लागतो हे बघितलंच नाही. त्या खुर्च्यांवर दुसरं कोणीही असतं तरी त्यांनी हेच केलं असतं, असं समितीने म्हटलंय. आणि पुढे असंही म्हटलंय, की उरलेल्या जळत्या इंजिनाचा जोर संपत असताना तुम्ही विमान वस्तीपासून वळवून मोकळ्या रानात नेलंत म्हणून इतके लोक वाचले. हे वाक्य तुझ्या नवऱ्याने आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, आता पाठ झालं.

मला ते तारांचं पटकन समजलं, कारण आपल्या शेगडीचं तेच झालं होतं. आठवतं ना? तू लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्या दुरुस्तीवाल्याने बटणं उलटी बसवली. तू मागची शेगडी बंद केलीस, बंद झाली पुढची, आणि दूध उतू जाऊन ओट्यावरून जमिनीवर. बोलणी कोणी खाल्ली? तू. विमान चालवणारीला एक शेगडी चालवता येत नाही, असं मी जोरात म्हटलं होतं, शेजारी ऐकू जाईल इतकं. दोन दिवसांनी माझंही दूध गेलं तेव्हा तू फडकं आणून हातात दिलंस आणि एक अक्षर बोलली नाहीस. फार आगाऊ आहेस तू.

अगं, लोकांनी इथे काय काय चालवलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, आता हसता येईल. त्या काळ्या डब्यातली तुमची दोन वाक्यं कोणीतरी फोडली, "आग, डावीकडे" हे तुझं आणि "बंद करा" हे कॅप्टनचं. झालं. सगळं गाव त्या दोन वाक्यांवर महिनोन्‌महिने जगलं. निम्मे तुझ्या नावाने खडे फोडायचे, निम्मे कॅप्टनच्या. टीव्हीवर एक टायवाले रोज यायचे. हातात खेळण्यातलं विमान. ते असं तिरकं करून दाखवायचे आणि म्हणायचे, बाईमाणूस गोंधळलं. दुसऱ्या वाहिनीवर दुसरे, ते म्हणायचे, निवृत्तीला आलेला माणूस, डोळे गेले असणार. मधे ती निवेदिका दोघांना विचारायची, मग शेवटी कोण? जसं काही कोणाचा तरी नंबर काढायचाय. समोरच्या इमारतीतले वकील तुला माहीतच आहेत, जन्मात कोर्टाची पायरी चढलेले नाहीत पण प्रत्येक गोष्टीत बाजू मांडतात. त्यांनी जिन्यात उभं राहून मला विमानाच्या इंजिनांवर व्याख्यान दिलं. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, तुम्हाला स्वतःची स्कूटर सरळ लावता येत नाही, माझ्या सुनेला कसलं शिकवता. त्यानंतर ते मला बघितलं की रस्ता बदलायचे. आणि आज सकाळी पेढेवाल्याच्या थाटात वर आले. म्हणे, मी तर आधीपासूनच सांगत होतो! मी दार लावून घेतलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हटलं, या, चहा घ्या. आजच्या दिवशी कोणाशी भांडायचं जिवावर आलं.

तुझा नवरा अहवाल वाचून झाल्यावर खाली आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात गेला आणि भुशावरच बसला. मी वरून खिडकीतून बघत होते. आधी वाटलं रडतोय. मग खाली जाऊन बघते तर हसत होता आणि रडतही होता, नाकातोंडात भुसा, आणि तुझे सासरे शेजारी रंधा हातात धरून उभे, काय करावं न सुचून. शेवटी त्यांनी त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला आणि पुन्हा कामाला लागले. संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते. इतक्या महिन्यांत त्या माणसाची शीळ मी ऐकली नव्हती गं. किती बेसूर घालतात, पण माझा जीव भांड्यात पडला.

मला मात्र तू गेलीस तो दिवस आठवत होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टनच्या बायकोची मुलाखत लागली होती. मी रिमोट शोधत होते आणि तो नेमका उशीखाली. त्या बाई पडद्यावर एवढंच म्हणाल्या, की माझ्या नवऱ्याशेजारी अनुभवी माणूस दिलं असतं तर तो आज घरी असता. तू कुबड्या टेकवून दारात उभी होतीस. मी त्या बाईंना वाटेल ते बोलले, टीव्हीला, तोंडावर. तू कुबड्या वळवून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. तुला शेवटची ती दोन मिनिटं आठवत नव्हती, आणि आठवत नाही म्हणून कोणीही काहीही सांगितलं तरी तुला ते खरं वाटायचं. "त्या खरं बोलत असतील तर मी ह्या घरात कुठल्या तोंडाने राहू," असं म्हणालीस. घराचा आणि त्याचा काय संबंध, असं मी विचारलं. पण तुझं तोंड बघून पुढे बोलवलं नाही. तू आमच्यावर रागावून गेली नाहीस, हे मला तेव्हाही कळत होतं. तुला त्या बाईंच्या शहरात, त्या कधीही समोर येतील असं राहायचं नव्हतं.

तर आता ऐक, त्या बाई आज दुपारी आपल्याकडे आल्या.

दार मी उघडलं. आधी ओळखलंच नाही, टीव्हीवर जाड वाटल्या होत्या. साधी बाई, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, हातात पर्स घट्ट धरलेली. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा कळलं. म्हटलं आता हिला काय बोलू, मनात तर मी हिला कित्येकदा घराबाहेर काढलंय. पण त्या उंबऱ्यातच म्हणाल्या की मी तुमच्या सुनेची माफी मागायला आलेय, टीव्हीवर जे बोलले ते बोलायला नको होतं, मला तेव्हा कोणीतरी हवं होतं दोष द्यायला. मग मी काय करणार? आत बोलावलं, स्वयंपाकघरातच बसवलं, कारण बाहेरच्या खोलीत तुझ्या सासऱ्यांनी कोणाच्या तरी टेबलाचे पाय वाळत घातलेत. कॉफी केली. त्यांनी सांगितलं की त्यांच्याही दाराशी लोक येऊन डोळ्यांबद्दल विचारायचे, त्यांच्याही इमारतीत एक वकील आहे. नावं वेगळी गं, बाकी सगळं तेच. त्यांचं माणूस गेलं आणि वर ही चर्चा. तू निदान आमच्यात होतीस. मला माझीच लाज वाटली थोडी, पण बरंही वाटलं. एकमेकींच्या नावाने आपण किती शिव्या दिल्या असतील, असं त्या म्हणाल्या आणि मग आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो.

आता मुद्द्याचं. निकाल काय, तो विहीणबाईंना फोनवर सांगितला असता तरी तुला कळला असता. मी हे पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. निघताना त्या बाई पर्सचा बंद उगाच लावत उघडत बसल्या. तुझे सासरे तेवढ्यात हात पुसत वर आले होते, तेही टेकले. मग त्या म्हणाल्या, "त्या सकाळी मी कपाटाच्या दारावरून त्यांना फार बोलले हो. दार महिनाभर लोंबकळतंय आणि तुम्ही खुशाल विमानं उडवा, म्हटलं. ते काही न बोलता गेले. शेवटी तुमची सून शेजारी होती. ती काही म्हणाली का, ते रागात होते का?" सूनबाई, मी तुझ्या सासऱ्यांकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. तुला आठवतंय का, इस्पितळात भूल उतरत होती तेव्हा तू त्यांचा हात धरून सारखी म्हणत होतीस, "बाबा, चार बिजागऱ्या द्या ना, पितळी, लहान, कॅप्टननी मागितल्यात, त्यांना आजच घरी न्यायच्यात." आम्हाला वाटलं तू बरळतेस. नर्सही हसली. पण तुझे सासरे कसे आहेत तुला माहीत आहे, सुनेने मागितल्या म्हणजे मागितल्या. दुसऱ्याच दिवशी चार निवडून कागदात बांधून ठेवल्या, त्या आजही रंध्याच्या खणात आहेत. ते उठून खाली निघाले होते, मी बाही धरून बसवलं. बाईंना एवढंच म्हटलं, रागात नव्हते, हे मला नक्की माहीत आहे, बाकीचं माझी सून येऊन तुम्हाला सांगेल, कारण तुमच्या यजमानांनी ते तिला सांगितलंय. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या, आणि मग म्हणाल्या, मी रविवारी येऊ का? मी हो म्हटलंय. तेव्हा तू शनिवारी निघ. ज्या बाईला तोंड कसं दाखवू म्हणत होतीस, ती तुझीच वाट बघतेय. बिजागऱ्या तुझे सासरे पुसून ठेवतायत, त्या तिच्या हातात तूच द्यायच्यास.

शेगडीची बटणं आता सरळ आहेत, तेव्हा दुधाची काळजी नको.

तुझीच,
गोड न लिहिणारी सासू