चौकातला बंद कॅमेरा

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

कॉलनीच्या सभागृहात आज पोलिसांची बैठक झाली. साहेब म्हणाले, शहरात चोऱ्या कमी झाल्यात. मला राहवलं नाही. उभी राहिले आणि विचारलं, "मागच्या महिन्यात इथेच चौकात माझ्या गळ्यातली चेन ओढून नेली. तिथला कॅमेरा तेव्हाही बंद होता, आजही बंदच आहे. तो चालू ठेवणं कुणाचं काम?"

"महापालिकेला विचारा."

महापालिका तुमच्याकडे बोट दाखवते, असं मी म्हटलं. तेव्हा साहेब हसून म्हणाले, "मावशी, पण सोनं घालून एकट्या फिरताच कशाला?"

आणि सगळे हसले. एकटी नाही तर कुणाबरोबर फिरू? हे जाऊन तीन वर्षं झाली.

शेजारचे नानाच म्हणाले होते, अक्का, तुम्ही विषय काढा, आम्ही मागे आहोत. ते खाली बघत बसले. तेही हसले का? दिसलं नाही.

बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "अक्का, तुमनं बरोबर शे. पन पोऱ्याना पासपोर्ट पोलिसकडे अडकेल शे. मी कसं बोलू?"

"असू द्या नाना," म्हटलं. मुलाचा पासपोर्ट पोलिसांच्या चौकशीत अडकलेला, दुसरं काय म्हणणार?

चेन गेली त्या दिवशी हीच माणसं पाणी घेऊन धावत आली होती. आणि आज ते हसणं. कॅमेरा कधीतरी सुरू होईलही. उद्या सकाळी दूध आणायला मात्र मला याच लोकांच्या दारांवरून जायचं आहे.