राम घाटावरचा भोंगा

राम घाट चौकी, उज्जैन
२६ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अहल्याअक्कास विनायकाचा दंडवत, दाजींनाही.

तुझा घसा कायमचा बसला असं वाचलं आणि जीव हळहळला. लहानपणी तू या पायऱ्यांवरून "विन्याऽऽ, जेवायला ये!" ओरडलीस की पलीकडच्या तीरावरचे साधूसुद्धा पान वाढलंय समजून उठायचे. ज्येष्ठमध चघळ आणि दाजींशी भांडण थोडे दिवस बंद ठेव. (जमायचं नाही, ठाऊक आहे.)

इकडे राज्य पुन्हा बदललं. आधी मी ग्वाल्हेर दरबारचा शिपाई, मग मध्य भारताचा, आता मध्य प्रदेशाचा हवालदार. काम मात्र बावीस वर्षं एकच, मेळ्यात हरवलेल्यांच्या नावानं हाका मारायच्या. गळा तुझ्याच घरचा ना! पण या कार्तिकी पौर्णिमेला खात्यानं लाऊडस्पीकर आणला. खांबाखांबावर भोंगे, चौकीत मशीन आणि मशीनपुढे अरविंदबाबू, हातात छापील फॉर्म घेऊन. साहेब म्हणाले, "विनायकराव, अब आप आराम करो." अस्सा राग आला म्हणून सांगू!

पहिलीच आली ती लाल लुगड्यातली एक खेडवळ बाई, नवऱ्यापासून चुकलेली. फॉर्मात पहिला रकाना नवऱ्याच्या नावाचा. आता ती नवऱ्याचं नाव घेते होय? पदर दातात धरून एकच धोशा, "नानूराम का बापू." अरविंदबाबू म्हणे, असं नाव फॉर्मात बसत नाही. शेवटी वैतागून भोंग्यावर ओरडले, "एक महिला मिली है, जिनकी हों, चौकी से ले जाएँ!" झालं! सतरा नवरे धावत आले. (दोघांच्या बायका तर शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं, विचारू नकोस.) बाईनं पदराआडून सतराही पाहिले, मान हलवली आणि रडू लागली.

मला राहवेना. पायरीवर जाऊन छाती भरून हाक दिली, "ओ नानूराम का बापूऽऽ!" चौकीच्या भिंतीलाच टेकून बसलेला एक म्हातारा उठला. भोंगा ऐकला होता त्यानं, पण सरकार आपल्याशी कशाला बोलेल, असं वाटलं बिचाऱ्याला.

साहेबांनी पाठ थोपटली. तरी संक्रांतीनंतर मला दफ्तरात बसवायचा हुकूम कायम आहे. अक्का, खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत त्या भोंग्यानं चाळीस माणसं घरच्यांना मिळवून दिली. माझ्यानं दहा झाली नसती. पण घाट सुटणार म्हणून रडू येतं गं.

तुझा,
विनायक

ता. क. संक्रांतीच्या स्नानाला नक्की ये. तिळाच्या वड्या आण.

ता. क. दुसरा. खरं सांगतो. बावीस वर्षं मी साऱ्या जगाला हाका मारल्या, पण आई गेल्यापासून मला विन्या म्हणून कुणी हाक मारलेली नाही. अरविंदबाबूंशी बोलून ठेवलंय. गळा बसलाय म्हणून काळजी करू नकोस, तू नुसतं पुटपुटलीस तरी भोंगा पोचवील. मी पलीकडच्या तीरावर उभा असेन. एकदाच जेवायला बोलाव.