डॅडी बघत नाही

कुक्सटाउन, टायरोन
१८ मे १९८६

प्रिय डेस्मंड,

ग्लासगोला तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे बटाटे लावून झाले. नॉर्मनची पाठ धरली आहे, म्हणजे लावले मी आणि कौतुक माझ्या नवरोबांचं.

परवा डॅडीला त्याच्या जुन्या गिरणीत नेलं. आता तिथे तिकीट काढून बघायला जातात. पाणचाक फिरलं, लाकडी मुसळं लिननच्या ताग्यांवर धडाधड पडायला लागली आणि डॅडी असा खुलला म्हणून सांगू! ज्या आवाजाने त्याचे कान गेले, तोच पायाखालच्या फळ्यांतून त्याला जाणवत होता. माहिती देणाऱ्या बाईंना म्हणाला, "मुकादमाला पोटभर शिव्या दिल्यात मी इथे. पाठ करून हं. ओठ वाचायचा मेला."

बाई हसल्या. चहा झाला, छान दिवस गेला.

नाही रे, छान कसला.

मुसळं चालू असताना नॉर्मनने मला विचारलं, "म्हाताऱ्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, "वेडी आहे का मी? सोमवारी आठवडाभर हवापालट म्हणून नेऊ. एकदा वृद्धाश्रमात ठेवला की काय करणार आहे?" एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय, असं वाटलं. डॅडी पार पलीकडच्या भिंतीशी होता, तोंड आमच्याकडे करून. गिरणी कामगाराची मुलगी मी, लहानपणापासून त्याच्यासमोर तोंडावर हात धरून कुजबुजणारी. आणि तिथेच विसरले.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "सोमवारीच ना?"

डेस्मंड, मला लाज वाटते. मी थकले होते हे खरं, पण थकलेलं माणूस बापाला फसवतंच असं नाही. त्याच रात्री मी ती जागा नको म्हणून कळवून टाकलं. पण हे त्याला सांगू कसं? मी तोंड उघडलं की तो डोळे मिटतो. कागदावर लिहून दिलं, तर कागद पालथा घातला. म्हणाला, "लिहायला काय जातंय." बॅग भरून कोट घालून बसलाय.

तू बोटीने ये. तुझ्या तोंडाकडे तो बघेल. त्याला सांग, तो कुठेही जाणार नाहीये. आणि जमलं तर सांग, की ग्रेटा दाराबाहेर उभी आहे.

तुझी बहीण,
ग्रेटा