मामांच्या मिरचीसाठी कंपायलरकडे शिफारस

तीर्थरूप बाळकृष्णमामांच्या सेवेशी, विद्यानगरहून भाचा प्रभंजनचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, जवळ यायचं धाडस सध्या नाही). तुमचा खोकला आणि सुमनमामींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो.

परवा तारिहाळच्या आमच्या कारखान्यात मिरची निवडायच्या यंत्राच्या चाचणीत जे झालं, त्यात यंत्राचा दोष नव्हता. यंत्राला लागलेलं वळण माझं. मिरची पट्ट्यावरून खाली पडते, कॅमेरा तिला पाहतो, आणि खराब असेल तर हवेची फुंकर तिला टाकाऊ पेटीत उडवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला हवं, आणि मालकांनी, म्हणजे राघवेंद्रअण्णांनी, चिप मात्र स्वस्तातली, संथ घेतली आहे.

आता आम्ही लिहिलेला प्रोग्राम चिपला समजेल असा मांडून देणारा एक कंपायलर असतो. त्याच्या कानात आधीच सांगता येतं, की ही वाट नेहमीची आणि ती क्वचितची. मग तो नेहमीची वाट सरळ समोर मांडतो, क्वचितची दूर कोपऱ्यात. (तुम्ही सुभाष रोडवरच्या हॉटेलात शिरलात की पोऱ्या न विचारता इडली-वडा आणतो, तसंच. अंदाज बरोबर, तर वेळ वाचतो. नेमकी एकादशी असली, तर बशी परत जाते आणि साबुदाण्यासाठी तुम्हाला ताटकळावं लागतं.)

चाचणीला पोती तुमच्या दुकानची येणार होती. मामांच्या मालात खराब मिरची निघते, असं मी कोणत्या तोंडाने लिहिणार? मी खराब मिरचीपुढे ‘अनलाइकली’ असा शेरा मारला. क्वचितच घडेल! आईच्या माहेरचा मान राखला.

पोतं उघडलं आणि एकादशीमागून एकादशी सुरू झाली. दर खराब मिरचीला चिप दूरच्या कोपऱ्यात धावायची, फुंकर उशिरा सुटायची आणि मागच्या चांगल्या मिरचीला लागायची. बुरशीवाल्या निवांतपणे ‘उत्तम’ पेटीत, लालबुंद सगळ्या ‘टाकाऊ’त. (यंत्र विकत घ्यायला गदगहून आलेलं गिऱ्हाईक मधे उभं राहून नुसतं शिंकत होतं.) तेवढ्यात टाकाऊ पेटीवर थाप मारून “हा माल माझा!” असं तुम्ही गर्जलात. तुमची पारख अचूक होती, मामा. पाटी वाचायची राहिली, इतकंच.

मी शेऱ्याची कबुली दिली तेव्हा राघवेंद्रअण्णा म्हणाले, “एनप्पा प्रभंजन, तुझं यंत्र मिरची निवडतंय, का मामाचा मान?” माझ्या शेजारी बसणाऱ्या भार्गवीने कोड पाहिला आणि विचारलं, “अरे, नातीगोती लग्नपत्रिकेत छापतात. तू कोडमध्ये कशाला छापलीस?” मग तिने उरलेलं पोतं ओतून पाहिलं. (किती खराब निघाल्या ते लिहीत नाही, हे पत्र मामीही वाचतात.) तिने शेरा उलटा केला: खराब हीच नेहमीची, चांगली क्वचितची. तेव्हापासून यंत्र असं चालतंय, की पाहत राहावं.

गुरुवारी तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार आहे. या वेळी फसलं, तर अण्णा मला कोडवरून काढून सुटे भाग विकायला गावोगाव फिरवणार आहेत. बाकी क्षेम.

तुमचा आज्ञाधारक,
प्रभंजन

ता. क. : आत्ताच मामींचा फोन आला. अब्रूसाठी म्हणून तुम्ही परसात चार बायका बसवून गुरुवारची मिरची एकेक करून निवडून घेताय म्हणे. मामा, पाया पडतो, थांबवा! यंत्राला आता खराब मालाचीच सवय आहे, चांगल्या मिरच्यांची रीघ लागली तर ते पुन्हा मागे पडेल. रोज विकता तोच माल पाठवा.

ता. क. २ : निवडणं उरकलं असेल, तर चांगला ढीग दुकानात ठेवा आणि फेकायला काढलेला मला पाठवा. फक्त वर मूठ-दोन मूठ चांगल्या पसरा, म्हणजे गिऱ्हाइकाला संशय यायचा नाही. ते कसं करायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको.