चढावर गाडी न थांबवण्याची अट

मी, खाली सही करणारी, धंद्याने इंजिनं दुरुस्त करणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र ते फारसं चांगलं बोलले नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहतं घर माझ्या पतींकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलीकडे जाईल. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. पतींचं चष्म्यांचं दुकान आहे. साऱ्या गावाला लांबचं दाखवतात, पण साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना अजून दिसलेलं नाही. मुलीने डब्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावाव्यात.

२. गॅरेज, इंजिन उचलायची चेनपुली आणि सर्व हत्यारं मुलीची. नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच माझ्या दिरांना चुकूनही उसना देऊ नये. मागच्या खेपेला त्यांनी त्याने खिळे ठोकले.

३. आमच्या मोटारीचं काढून ठेवलेलं मूळ छोटं इंजिन दिरांना देते. "वहिनी, परदेशी गाडीचं अस्सल इंजिन काढलंत, काय म्हणावं तुम्हाला!" असं ते प्रत्येक भेटीत ऐकवत आले. आता त्यांनी ते दिवाणखान्यात मांडावं आणि रोज पुसावं. जाऊबाईंची आगाऊ माफी मागते.

४. सदर मोटार माझ्या मालकीची, परदेशातून आलेली, जुनी आणि चिमुकली. मूळ इंजिन सपाट रस्त्यावर गुणी होतं. पण नणंदेचं घर टेकडीवर, आणि चढाच्या पहिल्या वळणावर दोघांना घेऊन त्याला धाप लागे. मग हे गाडी थांबवून म्हणत, "अगं, उतरतेस का जरा?" उतरायची नेहमी मीच, कारण ह्यांच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून मी चालू लागायची. मी वर पोचेपर्यंत ह्यांचा चहा संपलेला असे.

शेवटी मी हट्टाला पेटले. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन भंगारातून आणलं. मुलीने ते बसवायला नवी माउंटिंग घडवली, रेडिएटर पुढे सरकवला, बॅटरी डिकीत नेली, ब्रेकही मोठे बसवले. नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक रीतसर चढवून घेतला. पहिल्या फेरीला वळण आलं. ह्यांनी सवयीने गाडी थांबवली, मी सवयीने उतरले, "तुम्ही व्हा पुढे" म्हणाले, आणि नवं इंजिन ह्यांना एकट्याला घेऊन भुर्रकन वर गेलं. मी चालत पोचले तेव्हा हे म्हणतात, "काय ओढते गं! तू बसायला हवं होतंस."

५. माझं दुखणं कळल्यापासून हे मोटार विकायचं म्हणतात. "तू नसलीस तर टेकडीवर जायचंय कुणाला?" नणंद तिथे एकटी असते, आणि हे घरात बसले की बोलणंच सोडून देतात. मला मरणापेक्षा त्याची भीती जास्त वाटते. सबब मोटार पतींना देते, ती या अटीवर की ती विकू नये, छोटं इंजिन परत बसवू नये, आणि दर रविवारी टेकडीवर न्यावी. तिसऱ्याच्या पुढेही गिअर असतात, हे मुलीने त्यांना एकदा दाखवून द्यावं.

६. हे कलम खोडा असं वकीलबाई म्हणाल्या, मी राहू दिलं. अहो, त्या वळणावर तुमचा पाय आपोआप ब्रेककडे जाईल. जाऊ देऊ नका. या खेपेला मी आधीच उतरले आहे. इंजिन ओढेल. तुम्ही व्हा पुढे.

सही : गॅरेजवाल्या बाई

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या :
१. आमचा फिटर (हात पुसून)
२. शेजारचे टायरवाले

ठिकाण : गॅरेज, मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून
दिनांक : वकीलबाई घालतील. वार रविवार, टेकडीवर निघण्यापूर्वी. हे बाहेर हॉर्न वाजवताहेत.