हाज्जा तफीदांचे हिरवे गाल

आदरणीय रिफाईमामा,

इन्साफचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? वैद्यांनी तो गरम वाळूत पुरायला सांगितला होता, पुरलात का? (आणि वेळेवर बाहेर काढलात ना?) मी सुखरूप आहे, दुपारपासून. सकाळी नव्हते.

झालं असं, आमच्या मुख्याध्यापकांच्या आई तफीदा आज हज करून, 'हाज्जा' होऊन परतणार होत्या. म्हणजे आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या घराच्या भिंतीवर विमान, काबा आणि त्यांचा चेहरा हवाच. नेहमीचा रंगारी शिडीवरून पडलेला, म्हणून सर मला म्हणाले, "तुमची पाचवीची मुलं रंगवतील की!" मी हो म्हटलं. नेमकं त्याच आठवड्यात मी मुलांना, तुम्ही मला कापड रंगवायच्या कढईपाशी शिकवलंत तेच शिकवलं होतं: लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघेही पेटून उठतात. वर माझी भर, की चेहऱ्याला कातडीचा रंग देऊ नका, मनाचा द्या. काल मी विमानाच्या खिडक्या पट्टीने मोजून आखत बसले (दोन्ही बाजूंना सारख्या नकोत का?) आणि वळून पाहते तर हाज्जांचे गाल हिरवे, सावल्या लाल, नाक जांभळं!

आज सकाळी सरांनी ते पाहिलं. "बाई, ही माझी आई आहे की कापलेलं कलिंगड?"

"सर, ते विरोधी रंग आहेत," आमची पाचवीतली नज्ला शांतपणे म्हणाली.

चित्रावर फासायला सरांनी मला चुना आणायला पिटाळलं. बादली घेऊन परतते तोच ढोल वाजले, गाडी थांबली. हाज्जा उतरल्या त्या थेट भिंतीपुढे.

"अगं बाई! विमानात मी अशी हिरवी पडले होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मग लाल सावलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हा राग त्या रांगेत घुसणाऱ्या बाईवरचा. अगदी हाच!"

सरांनी माझ्या हातातली बादली घेतली.

"ठेव खाली, मेल्या! पन्नास वर्षं माझ्या हातचं खातोस, तुला कधी माझा रंग दिसला नाही. पोरांना दिसला."

मी तिथेच ओट्यावर बसले आणि सात खजूर खाल्ले. नोकरी वाचली, मामा.

तुमची,
इन्साफ

ता. क. चुना आणायला जाताना वाटेत पोस्ट लागतं. अपराध लपवणं बरं नव्हे, म्हणून राजीनामा टाकून आले होते. तो परवा केनाच्या शिक्षण कचेरीत पोचेल. ती तुमच्या गल्लीतच आहे. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, ते उद्याच मिळेल; कृपा करून त्यांनी पाकीट फोडण्याआधी ते परत घ्या.

आणखी एक. गुडघ्याचं कारण सांगू नका. 'हे कुणाकडून शिकलात' याचा खुलासा अर्धवट ठेवणं मला पटेना, म्हणून राजीनाम्यात तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता दिला आहे.