दक्षिणेच्या खिडकीखालची खाट

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की हे कागद कुठं धाडायचे हा प्रश्नच नाही. तरी लिहितो. धाकटीला कुठं ठेवलं, हे तुला मरेपर्यंत खरं कळलं नाही. ते मला आता कळलंय, आणि सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही.

मी बांधकाम कचेरीत नकाशे काढतो. निजामाचं राज्य गेलं, नवे साहेब आले आणि त्यांनी मला भलतंच काम दिलं. वसमतमध्ये अलीकडं ज्या सरकारी इमारती सिमेंटात उभ्या राहिल्या, त्यांची मापं घ्यायची, बांधणी कशी ते लिहायचं आणि त्याआधी त्या जागेवर काय होतं तेही शोधायचं. मापांचं सोपं असतं. जागेचं विचारायला गेलं की दोन म्हाताऱ्यांकडून तीन उत्तरं मिळतात आणि वर चहा पाजावा लागतो तो वेगळाच.

सगळ्यांत देखणी इमारत म्हणजे गावाबाहेरचा जनाना दवाखाना. तू असतीस तर तोंडाला पदर लावून बघत राहिली असतीस. भिंतींचे कोपरे गोल, खिडक्यांवर पातळ छज्जे आणि वर लोखंडी सळया घालून ओतलेलं सपाट छत. तुळई म्हणून नाही. लाकूड-मातीच्या माळवदाखाली जन्म काढलेल्या बायांना ते छत अंगावर येईल असं वाटायचं, म्हणून बाळंतपणाला तिथं कुणी यायलाच तयार नव्हतं. आता कुठं कुरुंद्याकडून बैलगाड्या येऊ लागल्यात. एखादी गाडी दारात थांबली की मला आपली आतली खोली आठवते. तुझी तिसरी खेप आहे, दार लोटलेलं आहे, आणि सुईण बाहेर येऊन कुणाशी काही न बोलता हात धुते आहे.

आबांना, म्हणजे तुझ्या मालकांना, मी परवा कौतुकानं ती इमारत दाखवायला नेलं. लोक खुशाल वहाणा घालून आत-बाहेर करत होते. आबांनी मात्र पायरीपाशीच वहाणा काढल्या आणि आत आलेच नाहीत. अनवाणी वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीकडं गेले, जुन्या आडाकडं बघून अंदाज घेतला आणि एका खिडकीखाली थांबले. मी सवयीनं विचारलं, इथं आधी काय होतं म्हणून.

"बोरीचं झाड व्हतं," ते म्हणाले. "लहान लेकरं इथंच ठिवायचे. आपली बी इथंच हाय."

माय, तो दिवस मला लख्ख दिसतो. धाकटी नुकती पालथी पडायला लागलेली. एका तापात गेली. आबा तिला तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून उचलतात, मागून चुलते मिठाचं गाठोडं आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर टाकायचे बाभळीचे काटे घेऊन निघतात. बायांनी तिकडं जायचं नसतं, म्हणून तू दारात. पुरून परतताना मागं वळून बघायचं नसतं, आबाही बघत नाहीत. ते आल्यावर तू रडत नाहीस, फक्त जागा विचारतेस. ते ओढ्याकाठचा करंज दाखवतात. त्यानंतर दर अवसेला तू त्या करंजाखाली बोळक्यात दूध ठेवून यायचीस. एकदा थंडीत आबा तुला रागावले, किती दिवस चालणार हे म्हणून. तू चुलीतला जाळ सारखा करत म्हणालीस, "थंडी लई हाय. एकटं झोपायची सवय न्हाई तिला."

आणि त्या करंजाखाली काहीच नव्हतं. मी आबांना विचारलं, मग मायला खोटं झाड काहून दाखवलं?

"काटे उपसले असते तिनं," ते म्हणाले. "उचलून घरी आणली असती."

मला त्यांचा फार राग आला. तुझं इतक्या अवसांचं दूध वाया गेलं म्हणून राग आला. पण त्यांनी त्या भिंतीवर तळहात टेकवला होता आणि ते तो काढत नव्हते.

कागदावर मी लिहिलं, पूर्वी मोकळं रान, एक आड, एक बोरीचं झाड. बाकीचं लिहिलं नाही. ते लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, गाड्या अर्ध्या वाटेवरून परत फिरतील आणि बाया तुझ्यासारख्या घरीच मरतील. पण तेव्हापासून ती इमारत माझा पिच्छा सोडत नाही. नकाशा काढताना त्या भिंतीपाशी हात थांबतो. आत तान्ही पोरं रडतात, त्यांत एक आवाज खालून येतोय असं वाटतं. तसं काही नसतं हे मला कळतं. तरी मी खिडकीशी जाऊन उभा राहतो आणि भीती वाटली तरी हलत नाही.

तुझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिला तिथंच नेणार आहे. नर्सबाईंना सांगून दक्षिणेच्या खिडकीखालची खाट मागून घेतली. तिथं वारा चांगला येतो असं त्यांना सांगितलं, हिलाही तेच सांगितलं. हे कागद कुणाच्या हाती पडू देणार नाही, हिच्या तर नाहीच.

तिथं वारा येत नाही, माय. समोर झाडी दाट आहे. आपलं कुणीतरी चार रात्री धाकटीजवळ झोपावं, एवढंच.